‘ट्रिस्ट्रम शँडी’ : वाचायची कशी, ऐकायची कशी

लॉरेन्स स्टर्नची ही कादंबरी अर्धवट सोडणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते : गोष्ट पुढेच सरकत नाही. तक्रार खरी आहे. ट्रिस्ट्रम स्वतःची जीवनकथा सांगायला बसतो, पहिल्याच प्रकरणात आपल्या गर्भधारणेच्या वेळी आईबापांचे लक्ष ठिकाणावर नव्हते म्हणून कुरकुरतो, आणि प्रत्यक्ष जन्माला येतो तिसऱ्या खंडात. चौथ्या खंडाच्या मध्यावर तो हिशेब मांडतो. लिहायला लागून वर्ष झाले आणि लिहून झाला आयुष्याचा फक्त पहिला दिवस. म्हणजे सुरुवातीपेक्षा आता ३६४ दिवसांचे लिखाण वाढूनच बसले. नमनाला घडाभर तेल म्हणतात ते हेच, फरक इतकाच की इथे नमन हेच नाटक आहे. पुढे काय होणार याची वाट पाहत वाचले तर हे पुस्तक छळते. आत्ता या खोलीत कोण कोणाला बोलू देत नाही, हे पाहत वाचले तर पानापानाला हसवते.

वाचण्याच्या पद्धतीचा प्रश्न येतो तो पुस्तकाच्या घडणीमुळे. स्टर्न यॉर्कशायरमधला पाद्री होता, प्रवचने देणारा. नीट लिहिलेले पुस्तक म्हणजे गप्पांचेच दुसरे नाव, असे तो दुसऱ्या खंडात (प्रकरण ११) सांगतो, आणि त्याची वाक्ये खरोखर बोलण्याच्या लयीत चालतात : अडखळतात, स्वतःला तोडतात, समोरच्या बाईसाहेबांना दटावतात. हा भाग कानाने लवकर कळतो. पण हाच माणूस छापखान्याशीही खेळतो. काळे पान, कोरे पान, गायब प्रकरण, तारकांच्या रांगा, वेडीवाकडी रेघ. हे कानाला दिसत नाही. म्हणून नुसते वाचू नका आणि नुसते ऐकूही नका. दोन्हींची जोडी लावा.

आधी प्रत तपासा

नऊ खंड १७५९ ते १७६७ या काळात टप्प्याटप्प्याने निघाले. आज ते एकाच जाड पुस्तकात मिळतात, पण खंड आणि प्रकरणांचे मूळ क्रमांक राखलेली प्रत घ्या. सगळे संदर्भ, टीपा आणि ऑडिओचे ट्रॅक त्याच क्रमांकांवर चालतात. प्रत विकत घेण्याआधी किंवा डाउनलोड केल्यावर पाच मिनिटांत पुढच्या जागा उघडून पाहा.

पहिला खंड, प्रकरण १२ : योरिक पाद्री मरतो आणि त्यानंतर काळेभोर पान येते, दोन्ही बाजूंनी काळे. तिसरा खंड, प्रकरण ३६ : अबरीचे, म्हणजे संगमरवरासारखी रंगांची नक्षी असलेले, रंगीत पान. चौथ्या खंडात २३ नंतर थेट २५ वे प्रकरण. मधली दहा पाने आपणच फाडली, असे ट्रिस्ट्रम सांगतो. सहावा खंड, प्रकरण ३८ : ट्रिस्ट्रमच्या टोबीकाकांवर डोळा असलेल्या विधवा वॉडमनचे चित्र तुमच्या मनाप्रमाणे काढण्यासाठी सोडलेले कोरे पान. त्याच खंडाचे प्रकरण ४० : आतापर्यंतच्या खंडांमध्ये कथा कशी वळत गेली याच्या रेघा. नववा खंड, प्रकरण ४ : काकांचा नोकर कॉर्पोरल ट्रिम याने हवेत फिरवलेल्या काठीची नागमोडी रेघ.

यातले एक जरी गायब असेल तर ती प्रत मुख्य वाचनासाठी घेऊ नका. फुकट मिळणाऱ्या साध्या मजकूर-फाइलींमध्ये चित्रांच्या जागी काहीच नसते, आणि वाचकाला आपण काय चुकवले याचा पत्ताही लागत नाही. ई-रीडरवर आणखी घोटाळे होतात. डार्क मोड चालू असेल तर काळे पान काळ्या पडद्यात विरघळून जाते. तेवढ्यापुरता तो बंद करा. ई-इंक पडद्यावर अबरी करडी दिसते. समोरासमोरच्या पानांवर लॅटिन आणि इंग्रजी छापलेले भाग (तिसऱ्या खंडातला शाप, चौथ्याच्या सुरुवातीची स्लॉकेनबर्गियसची गोष्ट) ई-बुकात एकाखाली एक येतात आणि आधी लॅटिनचे रान तुडवावे लागते. तिथे सरळ इंग्रजी सुरू होते तिथवर उडी मारा.

अबरीच्या पानासाठी एक कष्ट जरूर घ्या. मूळ आवृत्तीत हे पान प्रत्येक प्रतीसाठी हाताने रंगवले होते, त्यामुळे कोणत्याही दोन प्रती सारख्या नव्हत्या. आपल्या पुस्तकाचे हे रंगीबेरंगी प्रतीक आहे, असे स्टर्न म्हणतो. छापील प्रतीत ते एकच चित्र सगळ्यांना मिळते, तेही बहुधा काळेपांढरे. इंटरनेट अर्काइव्हसारख्या ठिकाणी जुन्या आवृत्त्यांचे स्कॅन असतात. तिथे दोन-तीन वेगवेगळ्या प्रतींची हीच जागा शेजारी ठेवून पाहिली की विनोद कळतो. सगळे पुस्तक मात्र त्या स्कॅनमधून वाचू नका. जुना लांब ‘एस’ डोळ्यांना ‘एफ’ वाटतो आणि दमछाक होते.

टीपांसाठी पेंग्विन क्लासिक्सची मेल्विन न्यू आणि जोन न्यू यांनी संपादित केलेली प्रत किंवा ऑक्सफर्ड वर्ल्ड्स क्लासिक्सची इयन कॅम्बेल रॉस यांची प्रत चांगली. दोन खुणा ठेवा, एक मजकुरात, एक टीपांत. पण प्रत्येक आकड्याला मागे पळू नका, विनोद मरतो. पानाच्या तळाशी स्टर्नने स्वतः दिलेल्या टीपा मात्र चुकवू नका, कारण त्याही थट्टेचा भाग आहेत. संपादकांच्या टीपा दुसऱ्या फेरीसाठी राखून ठेवाव्यात. तेव्हाच कळते की पाचव्या खंडाच्या पहिल्या प्रकरणात साहित्यचोरांवर झोडलेले ताशेरे खुद्द रॉबर्ट बर्टन या सतराव्या शतकातल्या लेखकाकडून चोरलेले आहेत. १७९८ मध्ये जॉन फेरियरने ही उसनवारी उघड केली, आणि तेव्हापासून हा स्टर्नचा निलाजरेपणा की कमाल, यावर वाद आहे. आमच्या मते कमाल.

ऑडिओ निवडताना

पुस्तक सुमारे एक लाख नव्वद हजार शब्दांचे आहे. मिनिटाला दीडशे-एकशेसाठ शब्दांनी अखंड वाचन वीस तासांच्या आसपास जाते, म्हणजे एका खंडाला सरासरी दोन-सव्वादोन तास. एकूण वेळ पंधरा तासांपेक्षा कमी दिसला तर ती संक्षिप्त आवृत्ती समजा. संक्षेप करणारे पहिली कात्री विषयांतरांना लावतात, आणि मग उरते ते जखमी टोबीकाकांचे साधे चरित्र. नॅक्सोस या ऑडिओबुक कंपनीने काढलेले अँटन लेसर यांचे वाचन अखंड आहे आणि विनोदाची वेळ साधणारे आहे. लिब्रिव्हॉक्सवर स्वयंसेवकांनी केलेले वाचन मोफत मिळते.

वाचक कसा आहे हे ताडायला पहिले प्रकरण पुरत नाही. दुसऱ्या खंडाचे १७ वे प्रकरण लावा. कॉर्पोरल ट्रिम प्रवचन वाचतो आहे, ट्रिस्ट्रमचा बाप वॉल्टर मधेच शेरे मारतो, डॉक्टर स्लॉप कॅथलिक म्हणून चिडतो आणि मग पेंगतो, टोबीकाका किल्ल्यांवर घसरतात. ऐकताना कोण बोलतोय हे नाव न घेता कळले तर वाचक पास. ट्रिमची उभे राहण्याची ढब स्टर्न आधीच मोजून देतो, क्षितिजाशी साडेपंच्याऐंशी अंशांचा कोन करून. ते वाक्य वाचकाने गंभीर चेहऱ्याने वाचले पाहिजे. हे प्रवचन स्टर्नचे स्वतःचे आहे. १७५० मध्ये यॉर्कमध्ये त्याने ते खरोखर दिले होते.

मोबाइलमधल्या यंत्र-आवाजाला हे पुस्तक झेपत नाही. कारण डॅश. स्टर्नचा डॅश कधी श्वास असतो, कधी लाज, कधी तोंडात बोट. यंत्र त्याला स्वल्पविराम समजते किंवा गिळूनच टाकते. तारका आल्या की काही अॅप ‘अॅस्टेरिस्क, अॅस्टेरिस्क’ म्हणत सुटतात. आता दुसऱ्या खंडाचे ६ वे प्रकरण घ्या. टोबीकाकांची वहिनी, म्हणजे ट्रिस्ट्रमची आई, बाळंतपणाला डॉक्टर नको, सुईणच हवी म्हणते. का? टोबीकाका भोळेपणाने सांगतात की तिला परपुरुषाने आपल्या इतके जवळ यायला नको असेल, आणि वाक्याच्या शेवटी चार तारका येतात. ट्रिस्ट्रम लगेच व्याकरण शिकवायला बसतो : तिथे डॅश असेल तर तो अलंकार, डॅश काढून शरीराच्या मागच्या भागाचा शब्द घातला तर अश्लीलता. हा विनोद ऐकताना निम्मा हरवतो. हे पान डोळ्यांसमोर हवेच.

वेग १ वरच ठेवा. पहिल्या दोन खंडांना ०.९ चालेल. सव्वा किंवा दीड पटीला गेलात तर विराम आक्रसतात, आणि या पुस्तकात हसू विरामातच असते.

सुरुवातीचे खंड : कोण कुठे आहे

पहिले दोन खंड पान समोर उघडे ठेवून ऐका. एका बैठकीत चाळीस-पन्नास मिनिटे पुरेत, आणि थांबायचे ते प्रकरणाच्या शेवटी. प्रकरणे लहान आहेत, काही तर दोन-चार ओळींची.

एका कागदावर घराचा ढोबळ आराखडा काढा. वरच्या मजल्यावर आई बाळंतपणाच्या कळा देते आहे. खाली बैठकीत शेकोटीपाशी वॉल्टर आणि टोबी बसले आहेत. स्वयंपाकघरात नोकर. पहिल्या खंडाच्या २१ व्या प्रकरणापासून चौथ्या खंडापर्यंत ट्रिस्ट्रम कुठेही भटकून आला तरी परततो तो याच तीन जागांवर. भरकटल्यासारखे वाटले की एवढेच विचारा : आत्ता कोणती खोली, त्यात कोण, आणि कोण कोणाची वाट पाहत ताटकळले आहे? चौथ्या खंडात दोन्ही भाऊ जिना उतरू लागतात तेव्हा एक जिना उतरण्यावर दोन प्रकरणे खर्च झाली म्हणून ट्रिस्ट्रमच खजील होतो, आणि तोवर ते पहिल्या वळणापर्यंतच पोहोचलेले असतात.

सर्वांत चांगला सराव टोबीकाकांच्या पाइपवर होतो. पहिला खंड, प्रकरण २१. वरच्या मजल्यावरची धावपळ ऐकून वॉल्टर विचारतो, हे काय चालले आहे? टोबीकाका तोंडातला पाइप काढतात, डाव्या अंगठ्याच्या नखावर दोन-तीनदा ठोकतात आणि म्हणतात, मला वाटते— आणि ट्रिस्ट्रम त्यांना तिथेच गोठवून ठेवतो, कारण आधी काकांचा स्वभाव समजायला हवा. स्वभावातून छंद निघतो, छंदातून नामूरच्या (आजच्या बेल्जियममधल्या) १६९५ च्या वेढ्यात जांघेत झालेली जखम, जखमेतून नकाशे. वाक्य पूर्ण होते ते दुसऱ्या खंडाच्या ६ व्या प्रकरणात : मला वाटते, घंटा वाजवून पाहावी. दोन्ही ठिकाणी खूण ठेवा आणि ती दोन प्रकरणे लागोपाठ पुन्हा ऐका. विषयांतर हे पुस्तकाचे इंजिन कसे आहे, ते यातून कळते तेवढे कोणत्याही प्रस्तावनेतून कळत नाही.

लगेच पुढे, ८ व्या प्रकरणात, घड्याळ हाताशी ठेवा. घंटा वाजवल्यापासून वाचकाचा दीड तास गेला आहे, असे ट्रिस्ट्रम ठामपणे सांगतो, म्हणून नोकराला डॉक्टरकडे जाऊन यायला भरपूर वेळ मिळाला. ऑडिओचा टायमर पाहा : काही मिनिटेच झालेली असतात. मग तो स्वतःच कबूल करतो की लंबकाने मोजले तर दोन मिनिटे, तेरा सेकंद आणि तीन पंचमांश सेकंदच होतात. ऐकणाऱ्याला हा विनोद वाचणाऱ्यापेक्षा जास्त लागतो, कारण त्याच्याकडे घड्याळ चालूच असते.

काय गाळावे, काय गाळू नये

पहिल्या खंडाच्या २० व्या प्रकरणातला, जन्माआधी बाप्तिस्मा देता येईल का यावरचा फ्रेंच मजकूर पहिल्या फेरीत सोडा. पण त्या प्रकरणाची सुरुवात सोडू नका. ट्रिस्ट्रम वाचणाऱ्या बाईसाहेबांना मागचे प्रकरण लक्ष देऊन वाचले नाही म्हणून परत वाचायला पाठवतो, आणि त्या येईपर्यंत आपल्याशी बोलत बसतो. तुम्हीही खरेच मागे जा. १९ वे प्रकरण पुन्हा ऐकायला फार वेळ लागत नाही.

तटबंदीचे शब्द घाबरवतात : बॅस्टिअन, रॅव्हेलिन, हाफ-मून, काउंटरस्कार्प, ग्लासिस. तारेच्या आकाराच्या किल्ल्याची एक आकृती दहा मिनिटे पाहून घ्या आणि ती जवळ ठेवा. याहून जास्त अभ्यास नको. हे शब्द समजावताना टोबीकाका स्वतःच गोंधळून घामाघूम होतात, म्हणूनच तर ते नकाशाकडे वळले. तुमचा गोंधळ हा त्यांचाच गोंधळ आहे.

काही ओळखीचे शब्द मात्र फसवतात. ‘डिस्कव्हर’ अनेकदा शोधणे या अर्थी नसून उघड करणे या अर्थी येतो, ‘वाँट’ म्हणजे उणीव, ‘कँडिड’ म्हणजे समजून घेणारा, ‘नाइस’ म्हणजे काटेकोर. एखादे वाक्य विचित्र वाटले की आधी अशा सोप्या शब्दावर संशय घ्या, अवघडावर नंतर.

तिसऱ्या खंडाची ७ ते ११ ही प्रकरणे एका दमात ऐका. नोकर ओबाडायाने डॉक्टरच्या पिशवीला गाठींवर गाठी मारलेल्या, वर बाळंतीण कळा देते आहे, स्लॉप गाठ कापताना स्वतःचा अंगठा कापतो आणि नोकराला शिव्या घालतो. वॉल्टर शांतपणे म्हणतो, शिव्या द्यायच्या तर पद्धतशीर द्या, आणि एका बिशपचा चर्चमधून बहिष्कार घालण्याचा शाप त्याच्या हातात देतो, ज्यात शरीराचा एकही अवयव सुटत नाही. स्लॉप वाचत असताना टोबीकाका ‘लिलीबुलेरो’ जोरजोरात शिटीवर वाजवत राहतात. ही चाल आधी एकदा ऐकून ठेवा. बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसची ओळखधून म्हणून ती अनेक वर्षे वाजत होती, त्यामुळे सहज सापडते. पुस्तकभर काका वादात बोलण्याऐवजी शिटी वाजवतात. चाल डोक्यात असेल तर तो त्यांचा युक्तिवाद ऐकू येतो, नाहीतर ती नुसती एक टीप राहते.

नुसत्या कानाने घेण्यासारख्या जागा अशा : चौथा खंड, प्रकरण २७, जिथे विद्वानांच्या मेजवानीत भाजलेले गरम चेस्टनट फुटाटोरियसच्या तुमानीत पडते आणि तो किंचाळल्यावर सगळे त्या उद्गाराचा तात्त्विक अर्थ लावत बसतात, पाचवा खंड, प्रकरण ७, ट्रिम मृत्यूवर बोलताना टोपी जमिनीवर टाकतो ते, आणि त्याच खंडाचे प्रकरण १५, जिथे फिडल सुरात लावण्याचे आवाज अक्षरांत लिहिले आहेत आणि वाचक ते कसे काढतो हे बघण्यासारखे आहे. पाचव्या खंडातच ५ व्या प्रकरणात आई दाराशी कान लावून उभी राहते. ट्रिस्ट्रम तिला पाच मिनिटे तशीच उभी करतो, आणि ११ व्या प्रकरणात त्याला एकदम आठवते की आईला आपण विसरलोच. तिथे ऑडिओ थांबवू नका. विसरलेल्या आईचा विसर तुम्हालाही पडला पाहिजे.

सातवा खंड फ्रान्सचा प्रवास आहे, मृत्यूपासून पळत केलेला. सगळे पात्रमंडळ मागे राहते आणि वेग वाढतो. हा खंड पुस्तक न उघडता, चालता चालता ऐकला तरी चालतो.

शेवटचे खंड : पुन्हा पान हवे

आठव्या-नवव्यात टोबीकाका आणि विधवा वॉडमन यांचे प्रेमप्रकरण येते. नवव्यात ऑडिओवर हमखास गडबड होते. १८ आणि १९ ही प्रकरणे आपल्या जागी कोरी आहेत. त्यांचा मजकूर २५ व्या प्रकरणानंतर येतो. काही ट्रॅकमध्ये आकडे उच्चारून पुढे जातात आणि ऐकणाऱ्याला फाइल बिघडली असे वाटते. फाइल ठीक आहे. छापील पान पाहा, २० वे प्रकरण वाचा. विधवेला जाणून घ्यायचे आहे की जखम नेमकी कुठे झाली आणि लग्नाच्या दृष्टीने ती कितपत गंभीर. टोबीकाका तारकांच्या रांगेनंतर म्हणतात, बाईसाहेब, जागा प्रत्यक्ष दाखवतो. ती लाजते. त्यांच्या मनात असतो नामूरचा नकाशा.

कालक्रम उलटासुलटा असल्यामुळे तीन साले कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा : १६९५ नामूर, १७१३ युट्रेक्टचा तह, ५ नोव्हेंबर १७१८ ट्रिस्ट्रमचा जन्म. तहाने लढाई संपते, काकांचे हिरवळीवरचे खोटे वेढेही थांबतात, आणि रिकामा झालेला माणूस विधवेच्या तावडीत सापडतो. म्हणजे पुस्तकाचा शेवट नायकाच्या जन्माच्या आधी घडतो. शेवटचे वाक्य बोलतो योरिक, जो पहिल्याच खंडात काळ्या पानाखाली गेलेला आहे.

मायकेल विंटरबॉटमचा ‘अ कॉक अँड बुल स्टोरी’ हा २००५ चा चित्रपट या कादंबरीवर चित्रपट काढण्याच्या फजितीचा आहे. तो सहावा खंड झाल्यावर बघा, आधी नको. मार्टिन रोसनचे १९९६ चे चित्रमय रूपांतरही तसेच. त्यातले निम्मे विनोद मूळ पाने डोळ्यांखालून गेलेल्यालाच लागतात.